वाटेवरची वणी

ज्या देवीला अवघा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणून ओळखतो, ती देवी वणीत राहत नाही. सरकारी दफ्तर उघडून पाहिले, तर वणी हे गाव नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात नोंदलेले आढळते; आणि सप्तशृंगी गड, त्यावरील अष्टादशभुजा भगवती, तिची माकडे, तिचे पेढेवाले व पायथ्याचे नांदुरी गाव ही सर्व मंडळी शेजारच्या कळवण तालुक्यात मोडतात. म्हणजे देवी कळवणची आणि कीर्ती दिंडोरीची, अशी ही विलक्षण वहिवाट असून तिच्याविरुद्ध आजवर कोणी हरकत, तक्रार अथवा दिवाणी दावा गुदरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बांधावरच्या एका बाभळीसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या समाजात एका तालुक्याने साक्षात जगदंबा दुसऱ्या तालुक्यातील गावाच्या नावावर बिनतक्रार चालू द्यावी, ही गोष्ट कोणत्याही चमत्काराहून मला थोर वाटते.

आम्हां वणीकरांना मात्र या थोरवीचा उपयोग अल्प. नाशिकहून सुमारे ४० किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या पायाशी वसलेल्या या गावाचे नाव लक्षावधी लोक भक्तिभावाने घेतात, त्यांतले सहस्रावधी लोक दरसाल गावातून जातात, आणि त्यांपैकी बहुतेकांची दृष्टी या साऱ्या प्रवासात पुढच्या डोंगरावर खिळलेली असल्यामुळे खाली वणी नावाचे एक गाव आहे, तेथे माणसे राहतात, कांद्याचा बाजार भरतो, पोरांच्या परीक्षा होतात, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. त्यातून यवतमाळ जिल्ह्यात दुसरी एक वणी आहे. ती तालुक्याचे ठिकाण असून तिच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. ज्या वणीला कोळसा आहे तिला तालुक्याचा मान, आणि जिच्या नावाने देवी ओळखली जाते तिला तोही नाही. यावरून शासन कोणत्या दैवताची उपासना करते ते सुज्ञांनी ओळखावे.

बरे, देवीची गणनाही अर्धी. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पीठे पूर्ण, आणि सप्तशृंगी हे अर्धे, असा साडेतीन शक्तिपीठांचा हिशेब आपल्याकडे परंपरेने चालत आला आहे. परप्रांतीय पाहुण्याला हा जमाखर्च समजावून सांगणे महाकर्मकठीण होय. शास्त्रीमंडळी ॐकाराच्या अर्धमात्रेचा दाखला देतात, आणि तो खुलासा इतका सखोल असतो की प्रश्नकर्ता पुन्हा प्रश्न विचारीत नाही. त्याचे समाधान होते असे मात्र नव्हे. मला स्वतःला उत्तर पेशवाईच्या इतिहासात सापडते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणीस, केवळ तलवार चालवीत नसत म्हणून, अर्धे! आज शाळेतल्या पोराला त्या तीन पूर्ण शहाण्यांची नावे विचारून पाहावी आणि मग अर्ध्याचे विचारावे. महाराष्ट्रात अर्धे असण्यात अपकीर्ती नाही.

गावाच्या या विचित्र स्थितीचा साक्षात्कार ज्याला करून घ्यावयाचा असेल, त्याने वणीच्या एस.टी. स्थानकावर सकाळच्या प्रहरी जाऊन बसावे. नाशिकहून ‘वणी’ अशी पाटी लावलेली गाडी येते. तिच्यातून खणानारळाची पिशवी छातीशी धरलेली एखादी वृद्धा उतरते, पदर सावरते, चहूकडे पाहते, आणि जेथे उत्तुंग शिखर व सोन्याचा कळस असावा तेथे रासायनिक खतांचे दुकान पाहून किंचित गोंधळते.

“देवीनं देऊळ कथा शे, भाऊ?” ती आपल्या अहिराणीत विचारते.

स्थानकाबाहेरचा चहावाला हातातले पातेले खाली न ठेवता उत्तर देतो, “माय, हे गाव वणी. देवी वर राहती. नांदुरीची गाडी धर, तिथून गडावर दुसरी.”

वृद्धेच्या मुद्रेवर फसवणुकीची छाया पसरते. तेव्हा तो धंद्यातला जुना जाणकार असल्यामुळे तिला अधिक खिन्न होऊ देत नाही. “आली आहेस तर आमच्या जगदंबेचं दर्शन घेऊन जा. ती गावातच आहे. तिला पायऱ्या नाहीत.” आणि वणीच्या जगदंबेला त्या दिवशीचा पहिला अनपेक्षित नारळ मिळतो. गडावरची देवी आणि गावातली जगदंबा यांचे परस्परांशी नाते काय, असे गावात विचारले तर एक गृहस्थ दोघी एकच असे सांगतो, दुसरा बहिणी म्हणतो, आणि तिसरा, तुम्हाला कोणती सोयीची पडते, असा उलट प्रश्न करतो. पत्ता सांगणे हा वणीचा जुना गृहोद्योग आहे. द्राक्षे आली, टोमॅटो आले, कांद्याचे लिलाव आले. पण येथील माणूस मूलतः उजवा हात उत्तरेकडे करून उभा असतो, आणि या सेवेचा मोबदला त्याने कधी मागितलेला नाही.

अशा या गावावर माझे प्रेम आहे, हे विधान मी आजवर चारचौघांत कधी केले नव्हते; कारण गावात राहणाऱ्याने गावाविषयी प्रेम व्यक्त करणे हे निवडणुकीला उभे राहण्याचे पूर्वचिन्ह समजले जाते. परंतु आमचे एक स्नेही, जे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून निवृत्तीनंतर पाटाऐवजी पृथ्वी पाहत फिरतात, ते एका यात्रा कंपनीबरोबर जपानला जाऊन आले आणि तेथील ताकायामा नावाच्या एका डोंगरी गावाच्या प्रेमात इतके आकंठ बुडाले की, माझे मौन मला सोडावे लागले.

ताकायामा हे जपानच्या मध्यभागी, पूर्वीच्या हिदा प्रांतात, हिमाच्छादित पर्वतांच्या कुशीत वसलेले गाव. स्नेह्यांच्या वर्णनातून आणि त्यांनी सक्तीने दाखविलेल्या असंख्य छायाचित्रांतून मला जे उमगले ते असे : तेथील जुन्या पेठेत काळसर लाकडाची, जाळीदार खिडक्यांची बुटकी घरे दोन्ही बाजूंना ओळीने उभी असतात; तांदळाची मद्ये गाळणाऱ्या दुकानांच्या दाराशी सुगी नावाच्या वृक्षाच्या पाल्याचा मोठा गोळा टांगतात, नवे मद्य तयार झाले की तो हिरवागार असतो आणि मद्य मुरेल तसतसा तपकिरी होत जातो. (आमच्याकडे अशा दुकानांची खूण म्हणून काही टांगावे लागत नाही, गिऱ्हाइकेच पुरेशी असतात.) वर्षातून दोनदा, १४ व १५ एप्रिलला आणि ९ व १० ऑक्टोबरला, तेथे जत्रा भरते आणि कोरीवकामाने मढविलेले उंच रथ निघतात, त्यांतल्या काहींवर दोऱ्यांनी हालणाऱ्या बाहुल्या नाचतात. रोज सकाळी नदीकाठी बाजार भरतो व तेथे म्हाताऱ्या बाया लोणची, भाज्या व फळे विकतात. यात्रा कंपनीने बरोबर मराठी आचारी नेलेला असल्यामुळे त्या गावी स्नेह्यांना वरणभात व कोशिंबीर मिळाली, आणि त्यांच्या जपानप्रेमाला कोठेही आमांश झाला नाही.

मला यातले दोन मुद्दे मनापासून आवडले, हे नाकारता येत नाही. पहिला कचेरीचा. इ.स. १६९२ मध्ये तोकुगावा शोगुनाने हिदा प्रांत तेथील सरदाराकडून काढून थेट खालसा केला, कारण तेथली लाकूडसंपत्ती त्याच्या डोळ्यांत भरली होती. आणि ज्या कचेरीतून त्याचे अंमलदार कारभार पाहत, ती ताकायामाची कचेरी, भाताच्या वसुलीचे कोठार, चौकशीचे दालन यांसह आजही उभी आहे. एवढेच नव्हे, तर राज्ये बदलली, सम्राट आले, महायुद्ध झाले, तरी १९६९ पर्यंत तिच्यात सरकारी दफ्तर चालू होते. पावणेतीनशे वर्षे एकाच इमारतीत कारकून ‘उद्या या’ असे सांगत बसला असेल, ही कल्पना कोणाही मराठी माणसाच्या अंतःकरणाला आपुलकीचा स्पर्श केल्यावाचून राहणार नाही.

दुसरा मुद्दा सुतारांचा. आठव्या शतकात, या डोंगराळ मुलखात धारावसुली करण्यासारखे काही पिकत नाही हे ध्यानात आल्यावर जपानी दरबाराने हिदाच्या रयतेला धान्य व कापड यांच्या रूपातील कर माफ केला, आणि त्याऐवजी दर गावामागे दहा सुतार राजधानीत कामाला पाठवावेत असे फर्मान काढले. तेव्हाच्या राजधानीतील देवळे व वाडे उभारण्यात या सुतारांचे हात लागले. हे ऐकून मी विचारात पडलो, की वणीकडून कराऐवजी माणसेच मागितली असती तर आम्ही कोणती विद्या पुरविली असती? सुतार नव्हेत. भाव पडल्यावर चर्चा करणारे दहा इसम आम्ही कोणत्याही राजधानीला विनासायास पुरवू शकलो असतो, आणि त्यांनी तेथे बांधलेले काहीही नसले तरी मोडलेलेही काही नसते.

स्नेह्यांनी माझ्यासाठी तेथून एक बाहुली आणली. तिला सारुबोबो म्हणतात. ती तांबड्या कापडाची असते, तिला नाक, डोळे, तोंड काही नसते, आणि ती माकडाचे पिलू समजली जाते. संसारात सुख नांदावे, बाळंतीण सुखरूप सुटावी, यासाठी ती जवळ ठेवतात. ही माहिती मी घरी मातोश्रींना सांगितली. तांबडा रंग, मुखावयव अस्पष्ट आणि जात माकडाची, एवढी तिहेरी साक्ष मिळाल्यावर त्यांनी पुढील चौकशी केली नाही. सारुबोबो देवघरात गेली, तिला तेल वाहिले गेले, आणि दर शनिवारी तिच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते. त्या जपानी सुईणदैवताला हे ब्रह्मचारी पद मानवले की नाही, हे कळण्यास मार्ग नाही, कारण तिला तोंड नाही.

आता वणीची बाजू.

डोंगरांच्या बाबतीत आम्ही ताकायामाला हार जाणार नाही. आमच्याकडे बर्फ नाही हे खरे. परंतु वणीच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून पाहिले की अहिवंत, अचला, मोहनदर, सप्तशृंगी, मार्कंड्या अशी सातमाळेची शिखरे नजरेत भरतात. मोहनदरच्या कड्याला आरपार भोक आहे. महिषासुराचा पाठलाग करताना देवीनेच तो डोंगर फोडला, अशी आख्यायिका आहे. बहुतेक माथ्यांवर किल्ले होते, आणि १८१८ साली मराठ्यांचे राज्य गेल्यावर कंपनी सरकारच्या कॅप्टन ब्रिग्जने त्यांतल्या अनेकांच्या पायऱ्या व तटबंद्या सुरुंग लावून उडविल्या, जेणेकरून पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये. हा बंदोबस्त फुकट गेला. आज दर रविवारी नाशिकची व मुंबईची तरुण मंडळी पाठीवर गाठोडी बांधून वर जातात, आणि बसून चिवडा खातात.

पण या वैभवाकडे पाहण्याची वणीकरांची रीत निराळी आहे. श्रावणात, ढग उतरून शिखरे अर्धी झाकली आहेत, कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबत आहेत, ओझरखेड धरणाचे पाणी पोपटी शेतांमध्ये चमकत आहे, अशा वेळी मी एकदा शेजारच्या बागाईतदाराला म्हटले, “काय डोंगर दिसतोय बघा!” त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटले, सौंदर्याने त्याचा ठाव घेतला. मग तो म्हणाला, “हां. गारपीट तिकडूनच येती.”

या उत्तरात तुच्छता नव्हती, हे समजून घेतले पाहिजे. ज्याची गोडी छाटणी ऑक्टोबरात झाली आहे, ज्याचे घड फेब्रुवारीत व्यापाऱ्याच्या गाडीची वाट पाहत लोंबत आहेत, ज्याने भुरी आणि डावणी या दोन भगिनींच्या भीतीने रात्री फवारणीचे यंत्र चालविले आहे, त्याला डोंगर हा देखावा नसून नोटीस बजावणारा अंमलदार आहे. ताकायामाचा शेतकरीही बर्फाच्या पर्वताकडे पाहून बहुधा असेच काही म्हणत असेल. यात्रा कंपनीच्या दुभाष्याने ते भाषांतरित केले नसावे इतकेच.

इतिहासाच्या खात्यावरही गाव अगदी निरंक नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत असता दाऊदखान कुरेशी याच्या मोगली फौजेने त्यांना या टापूत गाठले. महाराजांनी लुटीचा माल पुढे रवाना केला आणि १७ ऑक्टोबरला उघड्या मैदानात उलट फिरून मोगलांचा पराभव केला. गनिमी काव्याविना, समोरासमोर जिंकलेली ही लढाई वणी-दिंडोरीची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. पुष्कळ ग्रंथकार जागेच्या अडचणीमुळे नुसते ‘दिंडोरीची लढाई’ लिहितात, आणि आम्ही तेही चालवून घेतो. सुरतेची वाट मात्र अद्याप तीच आहे. सापुताऱ्याचा घाट चढून गुजराती बांधवांच्या मोटारी वणीवरून जातात, आणि कालमानाप्रमाणे फरक एवढाच पडला आहे की, सुरतेची संपत्ती आणण्यासाठी आता कोणाला घोड्यावर बसावे लागत नाही. सुरतकर ती स्वतः घेऊन येतात. काही गडावर देवीला वाहतात, उरलेली शिर्डीला साईबाबांच्या चरणी ठेवतात. वणीच्या वाट्याला मोटारींचा धूर येतो. लुटीचा माल पुढे रवाना करण्याची परंपरा आमच्याकडे ही अशी साडेतीनशे वर्षे अबाधित आहे.

गडाविषयी लिहिण्याचा अधिकार महसुली कायद्याप्रमाणे कळवणकरांचा. तथापि नावाच्या हक्काने थोडे लिहितो. देवीची मूर्ती कड्याच्या कपारीत, उभ्या पाषाणात कोरलेली, सुमारे ८ फूट उंचीची व १८ हातांची. तिला लुगडे ११ वार लागते आणि चोळीला ३ खण. पिढ्यान् पिढ्या चढविलेल्या शेंदराच्या लेपाखाली तिचे मूळ रूप झाकून गेले होते. २०२२ साली मंदिर काही आठवडे बंद ठेवून तो शेंदराचा थर उतरविण्यात आला आणि खालून जी रेखीव मूर्ती प्रकट झाली, ती पाहून भाविकांचे दोन पक्ष पडले : एक म्हणाला, आई किती सुंदर दिसते. दुसरा म्हणाला, ही आमची आई नव्हेच, आमची आई तांबडी होती. कालांतराने दोन्ही पक्ष एकाच रांगेत उभे राहू लागले.

देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचे पारायण करीत असत आणि दरीपलीकडून ते नीट ऐकू यावे म्हणून तिने कान तिकडे केला, असे सांगतात. दोन डोंगरांमधील हवाई अंतर लक्षात घेता ऋषींचा आवाज खणखणीत असला पाहिजे. पुढे ध्वनिक्षेपक आले, चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या दिंड्यांबरोबर त्यांचे महाकाय अवतार आले, आणि आता ऋषी काय म्हणतात ते ऐकण्यासाठी मान किती कलवावी लागत असेल, ते तिचे तिलाच ठाऊक.

चढण्याच्या सोयीविषयी मतभेद आहेत. नांदुरीहून घाटरस्त्याने गडावरील वस्तीपर्यंत गाडी जाते; तेथून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या. त्या उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्याचे सांगतात, आणि त्यांची संख्या दर चढणारा निराळी सांगतो, कारण मोजणीच्या ऐन मध्यावर माकड येऊन हातातला प्रसाद पळविते व आकडा डोक्यातून जातो. जपानात नागानो प्रांतात बर्फाळ रानातली माकडे गरम पाण्याच्या झऱ्यात गळ्यापर्यंत बसून डोळे मिटतात, हे चित्र स्नेह्यांनी मला कौतुकाने दाखविले. गडावरच्या माकडांना एवढा निवांतपणा परवडत नाही. त्यांना दिवसभर काम असते. २०१८ साली पायऱ्यांना पर्याय म्हणून तेथे रुळांवरून तिरकी चढणारी ट्रॉली सुरू झाली. जपानात कोयासान या तीर्थक्षेत्री अशीच रुळांवरची गाडी १९३० पासून यात्रेकरूंना वर नेत आहे, आम्ही ८८ वर्षे उशिरा पोहोचलो, परंतु आमच्या ट्रॉलीत बसून वर गेलेली सासू, पायऱ्यांनी चढून आलेल्या सुनेला वरच्या टोकाला “एवढा वेळ?” असे विचारते, हा सांस्कृतिक विशेष कोयासानमध्ये असेलसे वाटत नाही.

आणि मग तो ध्वज. चैत्री पौर्णिमेच्या उत्सवात, मध्यरात्री, मंदिराच्याही वर, जेथे जाण्यास वाट नाही अशा शिखराच्या टोकावर भगवे निशाण लावले जाते. हा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याचा. पाटील सायंकाळी पूजा करून निघतात, अंधारात कड्यावर दिसेनासे होतात, आणि सकाळी शिखरावर निशाण फडकत असते. कोणत्या खाचेत पाय ठेवून ते वर जातात, हे त्या घराण्याबाहेर कोणाला ठाऊक नाही. हल्ली मनुष्य चहा प्यायला तरी त्याचे छायाचित्र जगभर धाडतो. अशा काळात एका माणसाने दरसाल रात्री उभा कडा चढावा, काम आटोपून खाली यावे आणि त्याविषयी काही बोलू नये, या वागण्याला मी मनोमन दंडवत घालतो. सरकारी खात्यांत एवढी गोपनीयता असती, तर निविदा फुटल्या नसत्या.

वणी जागी पाहायची असेल तर घटस्थापनेच्या सुमारास यावे. गडावर खाजगी वाहने बंद होतात, एस.टी.च्या गाड्या नांदुरीहून वरखाली करीत राहतात, नाशिक-दिंडोरीकडून अनवाणी चालत येणाऱ्यांची रांग रात्रभर तुटत नाही, आणि उलट दिशेने गावोगावची पोरे गडावर पेटविलेली ज्योत हातात घेऊन आपापल्या मंडळाकडे धावत सुटतात. एक पोर दमले की दुसरे ज्योत घेते, मागे टेंपोत तेलाचा डबा, ढोल आणि ज्याचे पाय सोलले आहेत तो. हे धावणारे वणीच्या पेठेतून पहाटेच्या सुमारास जातात तेव्हा, एरवी आठला उठणारा किराणावाला तीन वाजता दुकानाची अर्धी फळी उघडून बाहेर पाण्याचे पिंप ठेवतो आणि पोरे ओंजळीने पितात. ती कोणत्या गावची, हे तो विचारीत नाही. ती पाणी कोणत्या गावचे, हे विचारीत नाहीत. थोड्या वेळाने पूर्वेला सातमाळेचा कंगोरा उजळतो, किराणावाला पिंप आत घेतो, आणि नागली, वरई, रानभाजी घेऊन सुरगाण्याकडून आलेल्या कोकणा बाया रस्त्याच्या कडेला फडके पसरून बसतात. आमचाही हा सकाळचा बाजारच. त्याचे छायाचित्र काढण्यास कोणी येत नाही, त्यामुळे भाव रास्त राहिले आहेत.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले, तेव्हा ते गंभीर झाले. जी गोष्ट आपल्याला आवडते तिची सुधारणा करणे हा निवृत्त अधिकाऱ्यांचा स्थायीभाव होय. वणीचे ताकायामा करता येईल, असा मसुदा घेऊन ते एके दिवशी गावात दाखल झाले. पेठेतील जुनी माडीची घरे, जी एखाददुसरी उरली आहेत, ती काळ्या लाकडाने मढवावीत. पत्र्याच्या पाट्या उतरवून लाकडी पाट्यांवर सुबक अक्षरे काढावीत. कांद्याच्या ट्रॅक्टरांना ठरावीक वेळीच प्रवेश असावा. दिंडोरी तालुक्यात द्राक्षमद्याचे कारखाने आहेतच, तेव्हा वेलींच्या पाल्याचा गोळा दारोदार टांगावा, इत्यादी. मसुदा टंकलिखित असून त्याला परिशिष्टेही होती. स्थानकाबाहेर चहा घेताना त्यांनी त्यातील मुख्य छायाचित्र चहावाल्यापुढे धरले : ताकायामाची जुनी पेठ, दुतर्फा काळी घरे, मधला रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ, दुकानांचे पडदे सारखे, आणि दूरवर एकही मनुष्य नाही.

चहावाल्याने ओले हात विजारीला पुसून ते चित्र दोन्ही हातांनी घेतले आणि बारकाईने पाहिले.

“कोणत्या देशातलं म्हणता, साहेब?”

“जपान. गावाचं नाव ताकायामा. डोंगरातलं आहे, आपल्यासारखंच.”

“गाव चांगलंय.” तो म्हणाला. मग चित्र जरा जवळ धरून, आवाज उतरवून विचारता झाला, “त्या दिवशी बंद होता का तिकडं?”

स्नेह्यांनी बंद नव्हता, ही नेहमीची सकाळ होती, तेथील रीतच अशी शांत आहे, असे पुष्कळ समजावून सांगितले. चहावाला आदराने ऐकत होता, परंतु त्याची खात्री पटली नाही. मागे कांद्याचे भाव पडले तेव्हाचा आपल्या पेठेतला बंद त्याने पाहिलेला होता, आणि तो दिवस हुबेहूब असाच दिसत होता. त्याने चित्र परत केले, स्नेह्यांच्या रिकाम्या पेल्यात न विचारता अर्धा चहा ओतला, आणि त्या अर्ध्याचे पैसे घेतले नाहीत. व्यापार बसलेल्या गावाहून आलेल्या माणसाकडून ते घेणे त्याला प्रशस्त वाटले नसावे.